सेल्फ मारताना दिवा बघा

किल्ली फिरवली, इंजिन गप्प. लगेच निदान होतं: बॅटरी गेली. नवीन बॅटरी बसते आणि पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा तशीच उभी. हा खर्च बहुतेक वेळा टाळता येतो, आणि त्यासाठी लागणारं विज्ञान शाळेच्या पुस्तकातलंच आहे: ओहमचा नियम.

बॅटरीत शिसे-आम्लाचे सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे 2.1 व्होल्टचे. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या आसपास ती अर्धी उतरलेली असते. पण नुसत्या या आकड्यावर विसंबू नये. मल्टीमीटर नावापुरताच करंट घेतो. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर मात्र शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरवट भुकटीने वाटेत अवघा 0.02 ओहम रोध वाढवला, तरी 150 अँपिअर वाहताना 3 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बॅटरी धडधाकट, मीटरवर 12.6, आणि गाडी जागची हलत नाही! म्हणून तपासणी सेल्फ मारतानाच करायची.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. आतला दिवा लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. हेडलाइट नको, कारण कित्येक गाड्यांत ते त्या क्षणी आपोआप बंद होतात. साध्या तारेच्या बल्बचा व्होल्टेज दहा टक्के घटला, की उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. म्हणजे तो फुकटचा आणि चांगला संवेदनशील व्होल्टमीटर आहे. (एलईडीवर हा भरवसा ठेवता येत नाही.) दिवा थोडा मंदावणं स्वाभाविक. तो जवळपास विझला, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड खराब आहे. दिवा जराही हलला नाही, तर स्टार्टरकडे करंट जातच नाही. मग रिले, सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच), क्लचचा स्विच यांच्याकडे वळायचं आणि बॅटरीला हात लावायचा नाही.

बॅटरी की जोड, हे कसं ओळखायचं? मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी त्याच खुंटीवर आवळलेल्या क्लॅम्पवर ठेवा आणि सेल्फ मारा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी चोर सापडला. क्लॅम्प सोडवून, घासून, घट्ट बसवला की काम झालं. ही चाचणी मला फार आवडते, कारण ती अंदाजाला जागाच ठेवत नाही.

भराभर 'कटकटकट' आवाज येतो, त्यामागेही हेच गणित आहे. सोलेनॉइड खेचला जातो, स्टार्टर करंट मागतो, व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो. व्होल्टेज सावरला की पुन्हा खेचला जातो. एकच जोरदार 'टक्' आणि नंतर शांतता असेल, तर संशय स्टार्टरवर.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. किल्ली 'ऑन' केल्यावर बऱ्याच पेट्रोल गाड्यांत मागून पंपाची दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते. ती येते का, आणि डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतो का, हे आधी पाहावं. सेल्फ मात्र दहा सेकंदांहून जास्त रेटू नये. चार्ल्स केटरिंग यांनी 1912 च्या कॅडिलॅकसाठी विजेचा स्टार्टर केला, तेव्हा युक्ती हीच होती: मोटर क्षणभरच चालणार, म्हणून ती लहान ठेवून तिच्यावर जादा भार टाकता येतो. जास्त वेळ चालवली तर ती जळते.

नुसती उभी असलेली गाडीही बॅटरी खाते. घड्याळ, अलार्म वगैरे मिळून 30 मिलिअँपिअर धरले, तर 35 अँपिअर-तासाची बॅटरी साडेतीन आठवड्यांत अर्धी रिकामी होते. 2020 च्या टाळेबंदीनंतर सोसायट्यांमधल्या कितीतरी गाड्या उठल्या नाहीत, त्या यामुळेच.

एका प्रसंगी मात्र सेल्फ मारून पाहायचाच नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझमध्ये 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेल्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाडीच्या बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी, गाडी ओढून गॅरेजला न्यावी, आणि प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर निघाल्याशिवाय किल्लीला हात लावू नये.