जुनं मराठी वर्ड प्रोसेसर कोणत्या विंडोजवर चालवायचं?

पीएचडीला नाव नोंदवलं की गाईड पहिल्याच भेटीत सांगतात, "आधी आपल्याकडचं जुनं काम वाचा." जुनं काम छापील असेल तर प्रश्न नाही. पण १९९० ते २००५ च्या सुमारास झालेले विहिरींचे सर्व्हे, मातीचे अहवाल, एमएस्सीचे प्रबंध यांतलं बरंच काही फ्लॉपीवर किंवा सीडीवर असतं. डबल क्लिक केलं की समोर येतो कचरा. मग कोणीतरी सांगतं, "जुनी विंडोज टाक, चालेल." कोणती जुनी? हा लेख त्याबद्दल आहे.

माझं उत्तर आधीच सांगते. ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या आवडीने निवडायची नाही, फाइल ती ठरवते. आणि निम्म्या वेळा जुन्या सिस्टिमची गरजच नसते.

डॉसच्या काळापासून सुरू करू. मराठी टाइप करण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड पीसीच्या आत बसवलेलं असायचं. अक्षरं साठवली जायची इस्की या सांकेतिक पद्धतीत (भारतीय मानक १३१९४, सन १९९१). प्रत्येक अक्षराला एक आकडा, आणि तो १२८ च्या वरचा. उदाहरणार्थ ग म्हणजे १८१. आता हाच १८१ साध्या विंडोजमध्ये उघडला तर म्यू दिसतो, आपण मायक्रोग्रॅमला वापरतो तोच. आणि जिस्ट कार्ड नसलेल्या डॉसमध्ये उघडला तर चौकटीच्या रेघेचा तुकडा दिसतो. बाइट एकच, चेहरे तीन. "फाइल करप्ट झाली" असं म्हणण्याआधी हे आठवा. बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते, वाचणारा चुकीचा असतो.

वर्डस्टार इथे खास घोळ घालतो. त्याच्या जुन्या आवृत्त्या डॉक्युमेंट मोडमध्ये शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू करून ठेवायच्या, म्हणजे इंग्रजी अक्षराचा आकडा १२८ ने वाढायचा. त्यामुळे जुनी वर्डस्टार फाइल साफ करायचा सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे "सगळीकडचा आठवा बिट काढून टाका." इंग्रजीला हा सल्ला बरोबर आहे. इस्की मराठीला तो विष आहे. १८१ मधून १२८ गेले की उरतात ५३, आणि ५३ म्हणजे साधा इंग्रजी ५ हा अंक! क चा ३ होतो, ख चा ४, घ चा ६. ओ पासून छ पर्यंतची दहा अक्षरं ओळीने ० ते ९ होतात. विहिरीच्या पाण्याच्या तक्त्यात गावांच्या नावांतून असे अंक सांडले तर कोणता आकडा मोजलेला आणि कोणता ग होता, हे कसं सांगणार?

म्हणून इस्की फाइलसाठी डॉस लावायची घाई करू नका. आजच्याच मशीनवर थेट युनिकोडमध्ये बदला. विंडोजमध्ये देवनागरी इस्कीसाठी कोडपेज ५७००२ आहे. लिनक्सवर आयसीयू लायब्ररीसोबत येणारं यूकॉन्व्ह हेच काम करतं. इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात आणि युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीवरूनच बेतलेला आहे, त्यामुळे रूपांतर स्वच्छ होतं.

फक्त इंग्रजी वर्डस्टार असेल तर डॉसबॉक्स-एक्स पुरे. विज्ञानकथा लेखक रॉबर्ट सॉयर अजूनही वर्डस्टारमध्ये लिहितात. त्यांनी २०२४ मध्ये वर्डस्टार ७ चा तयार संच लोकांसाठी ठेवला, त्यात हे एम्युलेटरही आहे. ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे जुने प्रोग्रॅम थेट चालत नाहीत आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, तेव्हा "कम्पॅटिबिलिटी मोड" मध्ये वेळ घालवू नका.

खरी डोकेदुखी विंडोजच्या काळातली आहे: श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम. इथे फाइलमध्ये मराठी नसतंच, आकार असतात. ग साठी अर्धा ग आणि वेगळा दंड. "वार्षिक" मध्ये वेलांटी ष च्या आधी, कारण ती दिसते आधी. रफार ष च्या नंतर. फाइल साध्या वर्डची असेल आणि योग्य फॉन्ट (समजा श्री-देव-०७१४) हाताशी असेल, तर आजच्या विंडोजवरही ती वाचता येते. सिस्टिम बदलायची गरज नाही. फॉन्टचं नाव मात्र नीट लिहून घ्या, कारण रूपांतर करणारं टूल त्या नावावरच चालतं. एका कंपनीचा तक्ता दुसरीच्या फॉन्टला लावला की गावंच बदलतात.

इथे विज्ञानवाल्यांनी एका जागी थांबायचं. जुन्या वर्ड फाइल्समध्ये म्यू बऱ्याचदा सिम्बॉल फॉन्टमधला इंग्रजी एम असतो. सगळा मजकूर सिलेक्ट करून फॉन्ट बदलला की म्यू चा एम होतो आणि मायक्रोचं मिली. पाण्याची विद्युतवाहकता ७५० मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी होती, ती ७५० मिलिसीमेन्स झाली तर निदान शंका येईल, कारण समुद्राचं पाणीसुद्धा ५० च्या आसपास असतं. पण एखाद्या धातूचं प्रमाण लिटरला ५ मायक्रोग्रॅमचं ५ मिलिग्रॅम झालं, तर ते खपून जाईल आणि तुमच्या तुलनेच्या आलेखात हजारपट चढून बसेल.

मग एक्सपी कधी लागते? फाइल त्या पॅकेजच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये असेल तेव्हा, किंवा पेजमेकरमध्ये असेल तेव्हा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ३२ बिट एक्सपी बसवा. लायसन्स विभागातल्या जुन्या मशीनचं असू शकतं, विचारा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तेव्हा त्या मशीनचं नेटवर्क बंदच ठेवायचं. फाइल आत न्यायला शेअर्ड फोल्डर पुरतो. विंडोज ९८ च्या वाटेला जाऊ नका, नुसतं बसवण्यात आठवडा जातो. लिनक्सवर वाइन वापरणाऱ्यांनी वाचण्यापुरती अपेक्षा ठेवावी, कारण ही पॅकेजेस कीबोर्डमध्ये खोलवर हात घालतात.

राहिलं डोंगल. यूएसबीचं असेल तर ते व्हर्च्युअल मशीनमध्ये पोचवता येतं. प्रिंटरच्या पोर्टला लागणारं, त्या गठ्ठ्यासारखं असेल, तर बाजारातली यूएसबी-पॅरलल केबल उपयोगाची नाही. ती साधारण प्रिंटरपुरतीच असते. तिथे खराखुरा जुना पीसी हवा. नाशिकरोडला बिटको चौकाच्या आजूबाजूला शोधा. लग्नपत्रिका करणाऱ्या एखाद्या डीटीपीवाल्या काकांकडे असं मशीन आणि डोंगल दोन्ही निघू शकतं. (नोटा छापणाऱ्या गावात छपाईची जाण असलेली माणसं मिळतात, हा आपला फायदा.) त्यांच्याकडे मूळ फ्लॉपी नेऊ नका, तिची कॉपी न्या. आणि त्यांना "युनिकोड करून द्या" म्हणू नका. "काका, जसं दिसतंय तसंच प्रिंट काढून द्या" म्हणा. नंतर रूपांतर कशानेही करा, एककं आणि आकडे त्या प्रिंटशी ताडून बघा. मी तक्ते आधी ताडते, मजकूर नंतर. चाळीस पानांना एक दुपार लागते.