पाटा जाड की कमान जास्त?

जुईनगरहून तुर्भ्याच्या बाजार समितीकडे निघालेली भरली पिकअप मागून पाहा, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जवळजवळ सपाट झालेले असतात. मग गाडी उंच करायला एखादा जाड पाटा टाकून घेतला जातो. पण पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो: जाडी 10 टक्के वाढली की ताठरपणा सुमारे 33 टक्के. रिकामी गाडी मग खड्ड्यात उसळते, चाकांची पकड सुटते. नुसती उंचीच हवी असेल तर तेवढ्याच ताठरपणाचे, जास्त कमानीचे पाटे बरे.

मला खरी काळजी वाटते ती ब्रेकची. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह दांडीने ॲक्सलला जोडलेला असतो. गाडी उचलली की तो तिला रिकामी समजतो, आणि भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. प्रोपेलर शाफ्टचा कोनही बदलतो. तिथला क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) लवकर झिजला तर वॉरंटीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहेच, नोंदणीतल्या मूळ तपशिलांत परस्पर बदल चालत नाही. पाटे निवडण्याआधी ते चालतील का, याचे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या, आणि व्हॉल्व्हची दांडी नव्या उंचीला जुळवून मिळेल का, हेही विचारा.