काटा अर्ध्यावर, टाकी रिकामी

आमचा बचत गट देवबागला पर्यटकांसाठी मोटारबोट चालवतो. दिवाळीच्या सुट्टीत सहा पाहुणे घेऊन आम्ही कर्ली नदीच्या मुखाशी पोहोचलो आणि इंजिन बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं, काटा मात्र अर्ध्यावर! ओहोटीचं पाणी बोटीला समुद्राकडे ओढू लागलं. लगेच नांगर टाकला म्हणून वाचलो. दुसऱ्या होडीने ओढून आणलं. खरं तर टाकी भरली तेव्हाही काटा अर्ध्यावरच होता. ते तेव्हाच दिसायला हवं होतं.

मेकॅनिक म्हणाला, मीटर बदला. आम्ही म्हटलं, आधी तपासू. टाकीत तरंगणारा फ्लोट एका दांड्याला जोडलेला असतो. पेट्रोल कमी झालं की तो खाली जातो, विजेचा अडथळा बदलतो आणि मीटरचा काटा हलतो. किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं नाही. मीटरमागची टाकीकडून येणारी वायर काढली, तर काटा रिकाम्यावर गेला. तीच जागा वायरच्या तुकड्याने निगेटिव्हला जोडली, काटा भरल्यावर. म्हणजे मीटर ठीक. (आमची जोडी रिकाम्या टाकीला 240 आणि भरलेल्या टाकीला सुमारे 33 ओहमची. 10 ते 180 ओहमच्या जोडीत काटा उलटा फिरतो. एकाचं मीटर नि दुसऱ्याचा फ्लोट बसवला, तर हिशेब कधीच जुळत नाही.)

टाकीवरच्या निगेटिव्ह वायरला खाऱ्या हवेने हिरवी बुरशी आली होती. ती घासली, पण काटा हलेना. मग फ्लोट काढायचा ठरवला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साठते आणि एका ठिणगीने पेटते. म्हणून बोट किनाऱ्याला, पाहुणे नाहीत, बॅटरी सोडलेली, झाकणं उघडून तळाला चांगला वारा लागू दिलेला, विडीवाल्यांना लांब पाठवलेलं. पाच स्क्रू काढले. दांडा चिकट घाणीने मध्येच अडकला होता. साफ करून मल्टिमीटर लावला, तर दांडा हलवताना आकडा सावकाश सरकायचा सोडून उड्या मारत होता. मग नवाच घेतला. टाकीची खोली मोजून घ्या, कारण दांड्याची लांबी त्यावर ठरते. वॉशरही नवा घाला. पाच भोकं सारख्या अंतरावर नसतात, एकाच बाजूने जुळतात, ठोकाठोकी करू नका.

तरीही एक गंमत उरलीच. आमची टाकी खाली निमुळती आहे. रिकामी करून मापाने दहा-दहा लिटर ओतलं, तेव्हा कळलं की काट्याचं अर्धं म्हणजे 40 पैकी 20 नव्हे, 14 लिटर. काचेवर नेलपॉलिशने खुणा केल्या. काटा वाचायचा तो बोट सरळ असताना, इंजिनने नाक वर उचललेलं असताना नाही. आता पेट्रोलचे तीन भाग करतो: एक जाण्याचा, एक येण्याचा, तिसरा राखीव. किती तास फिरलो, किती लिटर भरलं, ते वहीत लिहितो.