छाया आणि प्रकाश

साठी उलटल्यावर पुन्हां विद्यार्थी होण्यांत लाज कसली? गेल्या हिवाळ्यांत मीं चंद्रपुरास छायाचित्रणाच्या प्राथमिक वर्गांत नांव घातलें. सोबती सगळे नातवाच्या वयाचे.

ही विद्या १८३९ सालीं जगापुढें आली, आणि १८५४ मध्यें मुंबईंत तिचें मंडळ स्थापन झालें. ‘फोटोग्राफी’ हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ प्रकाशलेखन. आपण मात्र नांव ठेवलें छायाचित्रण! ह्या विरोधाचा उलगडा मला गडचिरोली जिल्ह्यांत, वैनगंगा उत्तरवाहिनी होते तेथें, मार्कंड्याच्या देवळांपुढें झाला. ऐन दुपारीं टिपलेलीं शिल्पें सपाट आलीं. सकाळच्या तिरप्या उन्हांत मूर्तीमूर्तीस सावलीनें उठाव दिला.

आमचे तरुण शिक्षक म्हणाले, “सर, आधीं उजेड कोठून येतो तें पाहा. तो माणसाच्या पाठीमागें असला, तर चेहरा काळा पडतो.”

मी चपापलों. आमच्या घरीं आईचें एकच चित्र आहे. सगळी मंडळी पुढें बसलेली. आई मागें स्वयंपाकघराच्या दारांत, पाठीशीं परसांतला उजेड. तिचें तोंड दिसत नाहीं. चित्र काढणाऱ्यास मी आजवर दोष देत आलों. परंतु ‘आई, पुढें ये’ असें आम्हांपैकीं कोणीच म्हटलें नव्हतें.

परवां थोरल्या वहिनींना ओसरीवर उजेडाकडे तोंड करून बसविलें. “भावजी, माझें कशाला?” त्या संकोचल्या. चित्र मात्र स्वच्छ आलें.

वाचकहो, आपल्या घरांत सर्वांच्या मागें कोण उभें असतें, तें एकदां पाहा.