ग्रामीण वीज सहकारी संस्था : ग्राहकच मालक
१९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाची स्थापना झाली. त्याच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या आरंभीच्या वीज सहकारी संस्थांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा आणि बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी या संस्थांचा समावेश होतो. येथे वीजग्राहक भाग घेऊन सभासद होतो, वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब विचारतो आणि ‘एक सभासद, एक मत’ या तत्त्वाने संचालक निवडतो. मात्र संस्था वीज घाऊक दराने विकत घेते; ग्राहकांकडील वसुली घटली की पुरवठादाराची देणी थकतात. मुळा-प्रवरा थकबाकीने ग्रासली. तिचा परवाना ३१ जानेवारी २०११ रोजी संपला आणि वितरण महावितरणकडे गेले. हुक्केरीत मात्र ते आजही सहकारी संस्थेकडेच आहे. सभासदांचा सहभाग मतदानापुरता न राहता वेळेवर देयक भरणे आणि हिशेब मागणे येथवर पोहोचला, तरच ही सामूहिक मालकी टिकते.