शेताचा उतार व त्रिकोणाचे कोन

लातूर व नांदेड जिल्ह्यांत बालाघाटच्या रांगा पसरल्या आहेत. अहमदपूर, कंधार, मुखेड या भागांतील चढउताराच्या जमिनीत उताराच्या दिशेने नांगरट केल्यास प्रत्येक तास पाण्याचा पाट बनतो आणि पाण्याबरोबर कसदार मातीही वाहून जाते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पावसाचे पाणी शेतातच मुरविण्यासाठी नांगरट व पेरणी उताराला आडवी करावयास हवी. त्याकरिता प्रथम उतार मोजावा.

साधन सोपे आहे. दोन मीटर लांबीच्या दोन सरळ काठ्या एका टोकाशी बांधाव्या. त्या टोकापासून दीड मीटर अंतरावर दोन्ही काठ्यांना दीड मीटरची आडवी काठी जोडावी. टोकापासून दगड बांधलेला ओळंबा आडव्या काठीच्या खालीपर्यंत सोडावा.

वरच्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्या, म्हणून तिन्ही कोनही सारखे. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज नेहमी १८० अंश असते. प्रत्येक कोन ‘य’ मानल्यास,

३य = १८०, म्हणून य = ६०.

सपाट जमिनीवर ओळंबा वरच्या कोनाचे ३०-३० अंशांचे दोन समान भाग करतो.

आता एक पाय चढाकडे व दुसरा सरळ उताराकडे ठेवावा. ओळंबा उताराकडे सरकेल. चढाकडील लहान त्रिकोणात काठ्यांच्या सांध्याचा कोन ६० अंशच राहतो. ओळंबा व आडवी काठी यांमधील कोन कोनमापकाने मोजावा. तो ८६ अंश भरला असे समजू. वरचा अज्ञात कोन ‘य’ मानल्यास,

य + ६० + ८६ = १८०, म्हणून य = ३४.

सपाट जमिनीवर हाच कोन ३० होता. वाढलेले ४ अंश हाच जमिनीचा उतार. शंभर मीटर अंतरात ही जमीन सुमारे सात मीटर खाली जाते.

एका अंशाची चूक झाली तरी शंभर मीटरमागे पावणेदोन मीटरचा फरक पडतो. म्हणून वारा नसताना मोजणी करावी, आणि दोन-तीन ठिकाणी मोजून ताळा पाहावा.

याच चौकटीने समतल रेषाही आखता येते. ओळंबा आडव्या काठीच्या बरोबर मध्यावर येईल अशा रीतीने पाय पुढे पुढे टेकवीत प्रत्येक ठिकाणी खुंटी ठोकावी. खुंट्यांच्या रेषेला धरून तास काढावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी हे प्रात्यक्षिक शेतकऱ्यांच्या बांधावर करून दाखवावे.