प्रेमसंबंधातील धाक आणि महाविद्यालयाची जबाबदारी : खानदेशच्या संदर्भात

१९९४ साली जळगाव शहरातील तरुण मुलींच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले. ओळख वाढवून विश्वास संपादन करावयाचा, छायाचित्रे काढावयाची आणि ती उघड करण्याची धमकी देऊन मुलीला पुन्हा पुन्हा बोलवावयाचे, असा त्यातील क्रम होता. अरविंद इनामदार, मीरां चड्ढा-बोरवणकर यांच्यासारखे अधिकारी तपासात असूनही अनेक पीडित मुली साक्षीसाठी पुढे आल्या नाहीत. बदनामीचे भय हेच गुन्हेगारांचे भांडवल होते. कॅमेऱ्याची जागा आज मोबाईलने घेतली आहे. भांडवल तेच आहे.

ते प्रकरण संघटित गुन्हेगारीचे होते. किशोरवयीन प्रेमसंबंधातील हिंसा त्या मानाने किरकोळ भासते. मोबाईलचा पासवर्ड मागणे, मैत्रिणींशी बोलण्यास मनाई करणे, एस. टी. स्थानकावर वाट अडविणे, संबंध तोडल्यास जीव देण्याची धमकी देणे, प्रसंगी हात उगारणे अशी तिची रूपे असतात. मुलगेही तिला बळी पडतात आणि बहुधा मौन पाळतात. समाज मात्र प्रेम, पाठलाग व धमकी या सर्वांना ‘लफडं’ या एकाच शब्दात कोंबतो आणि दोष मुलीच्या पदरी टाकतो.

शिरपूर, साक्री, चोपडा, अमळनेर परिसरातील खेड्यांतून पासवर ये-जा करणाऱ्या मुलीला घरी कळण्याचा अर्थ पुरता ठाऊक असतो : शिक्षण बंद आणि घाईने लग्न. अशा वेळी तिला न विचारता पालकांना बोलावणारा प्राध्यापक सद्हेतूने का होईना, धमकी देणाऱ्याचेच काम पूर्ण करतो.

येथे वयाचा विचार अटळ आहे. कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालये अनेकदा एकाच आवारात असतात. कायदा मात्र दोहोंत भेद करतो. १८ वर्षांखालील विद्यार्थिनीवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा आहे. संमतीने जुळलेले शारीरिक संबंधही या कायद्याच्या कक्षेत येतात, ही त्यातील अवघड बाजू होय. म्हणूनच मुलगी मन मोकळे करू लागण्यापूर्वीच हे बंधन तिला सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते. सज्ञान विद्यार्थिनीच्या बाबतीत तक्रारीचा निर्णय तिचा असतो.

नकार देऊनही पाठलाग वा सतत संपर्क करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते, त्यामुळे गावातील ओळखीच्या ठाण्याची पायरी चढण्याची सक्ती नाही. अशा गुन्ह्यात स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावयाची असते. त्रास देणारा महाविद्यालयातीलच असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येते. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. भीतीपोटी मुली प्रथम संदेश पुसून टाकतात. पुरावा म्हणून ते जपून ठेवण्यास त्यांना पहिल्याच भेटीत सांगावे.